तापी ओलांडून डोंगरापर्यंत: गाडी कुठून काढायची?

पांझराकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

या हिवाळ्यात खान्देशातल्या डोंगरवाटा करायचं आमच्या ग्रुपने मनावर घेतलंय. सगळे धुळ्याचे. दोन गाड्या, आणि माणसं अशी की निम्म्यांना घाट लागतो. यादीत तोरणमाळ, अस्तंबा, पाल (जमलं तर मनुदेवी), पाटणादेवी-कण्हेरगड आणि साल्हेर आहे. साल्हेर नाशिक जिल्ह्यात येतो हे ठाऊक आहे, बागलाणकरांनी लगेच बाह्या सरसावू नयेत. धुळेकराला पिंपळनेरवरून तो अंगणातलाच वाटतो.

वर चढायची माहिती ढीगभर मिळते. कुठला दरवाजा, कुठलं टाकं, कुठून उतरायचं, सगळं लिहिलेलं असतं. पण घरापासून पायथ्यापर्यंत गाडी कशी न्यायची यावर कोणी चार ओळी लिहीत नाही. मोबाईलच्या नकाशावर धुळे-तोरणमाळ टाकलं की कधी शिरपूरवरून नेतो, कधी दोंडाईच्यावरून. दोन्हीत फरक दाखवतो तो मामुली.

तर माझे प्रश्न असे. तोरणमाळला यातला कुठला रस्ता? तोरणमाळ करून खाली न उतरता डोंगरातूनच अस्तंब्याकडे सरकता येईल का? आणि शहाद्याहून सातपुड्याच्या पायथ्यापायथ्याने थेट पालला गेलं तर? अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता आहेच की, नदी दोनदा ओलांडायचं वाचेल. जाणकारांनी उजेड पाडावा.

---

मुक्कामी_गाडी

नाव वाचून धंदा कळला असेलच. एसटीच्या स्टिअरिंगवर हयात गेली, त्यातली बरीचशी याच पट्ट्यात.

पांझराकाठ भाऊ, तुम्ही यादी डोंगरांची केलीत. ती आधी पुलांची करा. खान्देशात डोंगर कुठला हे नंतर बघायचं, तापी कुठे ओलांडणार ते आधी ठरवायचं. बाकी रस्ता आपोआप ठरतो.

जरा नकाशा डोळ्यांसमोर आणा. वर सातपुडा, खाली सातमाळा-अजिंठ्याची रांग, मधून तापी पश्चिमेला सुरतेकडे निघालेली. नदीच्या दक्षिणेला सुरत-नागपूर महामार्ग, म्हणजे जुना सहा नंबर, आता त्याला ५३ म्हणतात. नवापूर, साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर. उत्तरेला सातपुड्याच्या कुशीतून अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता. अक्कलकुवा, तळोदा, शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर. आडवी पाडलेली शिडी समजा. दोन लांब दांडे आणि मधल्या पायऱ्या म्हणजे पूल. दक्षिणेचा दांडा भक्कम, उत्तरेचा जागोजागी कुरतडलेला.

पश्चिमेकडून पायऱ्या मोजा. नंदुरबार-तळोद्याच्या मधला हातोडा पूल. मग प्रकाशा, नंदुरबार-शहादा रस्त्यावर. मग सारंगखेडा, दोंडाईचा-शहादा रस्त्यावर. मग सावळदे, मुंबई-आग्रा महामार्गावर शिरपूरच्या अलीकडे. पुढे अमळनेर-चोपडा रस्त्याचा सावखेडा-निमगव्हाण पूल, जळगाव-चोपड्याचा विदगाव पूल आणि भुसावळहून यावल-फैजपूरला जाणारा. आणखीही आहेत, पण बाहेरच्या गाडीवाल्याने एवढे ध्यानात ठेवले तरी त्याचं अडत नाही.

आता हिशेब सोपा. पूर्व-पश्चिम जेवढं धावायचं ते दक्षिणेच्या दांड्यावर धावून घ्या, आणि ज्या डोंगरात जायचंय त्याच्या समोर आल्यावरच नदी ओलांडा. उत्तरेच्या रस्त्यावर लांब पल्ला मारायचा नाही. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यात आलं. शहादा ते पाल पायथ्यापायथ्याने जाताना अख्खा दिवस गाडीतच जाईल. गावागणिक गतिरोधक, बाजारपेठेतून जाणारा रस्ता, बैलगाडी, ट्रॅक्टर. नदी दोनदा ओलांडायला लागली तरी परवडेल.

---

बट्टीवाला

अप्पा, तुमनं बराबर शे. पण तोरणमाळसाठी मी शिरपूरच सांगेन. धुळ्याहून सोनगीर, नरडाणा, सावळदे पूल, शिरपूर, सगळा चौपदरी. शिरपुरात चहा मारायचा आणि डावीकडे वळून शहादा. टोल लागेल, पण कंबर शाबूत राहते. दोंडाईच्याच्या रस्त्यात सोनगीर सोडलं की पुढे दुपदरीच.

---

अक्का_शहादा

बट्टीवाला भाऊ, शिरपूरपर्यंतचं कौतुक मान्य. त्याच्या पुढचं कोण सांगणार? शिरपूर ते शहादा हाच तर तो कुरतडलेला दांडा! चौपदरीवर वाचवलेला वेळ तिथे व्याजासकट परत द्यावा लागतो. शिवाय किलोमीटर जास्त. सोनगीर-चिमठाणे-दोंडाईचा-सारंगखेडा-शहादा हा सरळ रस्ता आहे, आणि सकाळी मोकळा असतो. मी माहेरी धुळ्याला याच रस्त्याने जाते-येते.

पण एक भानगड आहे, आणि पांझराकाठ नेमके तेव्हाच येणार आहेत. सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून एकमुखी दत्ताची यात्रा भरते. घोड्यांचा बाजार देशभरातून येतो. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आगेमागे काही दिवस त्या पुलावर गाडी अडकली म्हणजे घोडे बघत बसा. घोडे बघायला या जरूर, पण ट्रेकच्या दिवशी नको. त्या दिवसांत दोंडाईच्याहून नंदुरबारकडे सरका आणि प्रकाशावरून या. किंवा मग बट्टीवाल्यांचं ऐका, शिरपूरवरून या. तेवढ्यापुरतं मी ऐकते.

शहाद्याच्या पुढे म्हसावद, राणीपूर आणि मग घाट. शहाद्याहून तोरणमाळ पंचावन्न किलोमीटरच्या आसपास. राणीपूरपर्यंत सपाट शेती, तिथून जंगल चालू होतं. काळापाणी ओलांडलं की चढ जाणवायला लागतो आणि शेवटी सातपायरी घाट. एकावर एक अशी सात वळणं. खालून वर बघितलं तर आपल्याच रस्त्याचे कठडे डोक्यावर थरांनी दिसतात. ज्यांना घाट लागतो त्यांना शहाद्यातून निघताना पुढच्या सीटवर बसवा आणि पोटात कोरडी भाकरी असू द्या. शेवभाजी परतीला.

आणखी एक, आणि हे मी जीव तोडून सांगते. ऊसतोडीचा हंगाम चालू असताना शहादा, प्रकाशा, तळोदा या पट्ट्यात अंधार पडल्यावर गाडी घालू नका. उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या एका ट्रॅक्टरला जोडलेल्या असतात. मागे दिवा नाही. असलाच तर खाली लोंबणाऱ्या उसाच्या वाढ्यांनी झाकलेला. समोरून डिपर मारत कोणी आलं की तुमचे डोळे दिपतात, आणि पुढची ट्रॉली दिसते ती बोनेटला टेकल्यावरच. त्यात एखादीचं चाक पंक्चर झालं की ती भर रस्त्यात उभी, मागे चार दगड ठेवलेले. ट्रॉली गेली तरी दगड तिथेच. रातले त्या रस्तावर जाऊ नका, बस.

---

पांझराकाठ (धागाकर्ता)

अक्का, दगडांचं वाचून काटाच आला. म्हणजे परत येताना सूर्य मावळायच्या आत निदान दोंडाईचा गाठायचं, असंच ना?

---

अक्का_शहादा

नाहीतर शहाद्यात मुक्काम करा. लॉज आहेत, जेवण चांगलं मिळतं, सकाळी परत डोंगर जवळ. धुळ्याहून एका दिवसात तोरणमाळ करून परत यायचा हट्ट काबरं? वर यशवंत तलाव, सीताखाई, खडकी पॉइंट, गोरक्षनाथांचं मंदिर एवढं सगळं आहे. घड्याळाकडे बघत फिरायची जागा नाही ती.

---

सातपुडी

धडगावकडे शाळेवर आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो.

तोरणमाळ आणि अस्तंबा दोन्ही अक्राणी तालुक्यात, नकाशावर शेजारी दिसतात. मधून रस्ते नाहीत असं नाही. पाड्यापाड्याला जोडणारे रस्ते झालेत आणि दरवर्षी थोडे वाढतात. पण इथली दरी म्हणजे एक उतरलो की दुसरी समोर उभी. दहा किलोमीटरला तास गेला तर आश्चर्य नको. एखाद्या पाड्यावर डांबर संपतं, पुढे खडी, पुढे नुसती पायवाट, आणि गाडी वळवायला जागा शोधत मागे यायचं. मोबाईलला रेंज नाही, त्यामुळे नकाशाही मुका. परक्या माणसाने तोरणमाळ करून शहाद्याला उतरावं, रात्री झोपावं, आणि दुसऱ्या दिवशी तळोद्याकडून नव्याने चढावं. लांबचं वाटतं, पण वेळेवर पोचवतं. आमच्याकडे सगळं खालून वर जातं. आडवं काही जात नाही.

अस्तंब्यासाठी तळोदा हेच दार. धनत्रयोदशीच्या सुमाराला यात्रा निघते. अश्वत्थाम्याचं ठिकाण, सव्वातेराशे मीटर उंचीचं शिखर. पायी यात्रेची वाट तळोद्याहून कोठार, देवनदी, असली अशी जाते. गाडीवाले कोठारवरून चांदसैली घाट चढतात आणि पुढे पायथ्याच्या गावांकडे वळतात. हा चांदसैली घाट मात्र हलक्यात घेऊ नका. अरुंद आहे, काही वळणं आंधळी, पावसाळ्यात दरड पडून बंद होतो. समोरून पिकअप येते तिच्या टपावरही माणसं असतात. यात्रेच्या दिवसांत या घाटात अपघात झालेत. वळणाआधी हॉर्न, चढणाऱ्या गाडीला वाट, उतरताना दुसरा गिअर. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर तळाशी पोचेपर्यंत वास येतो.

पेट्रोल-डिझेल तळोदा किंवा शहाद्यात पूर्ण भरून घ्या. वर पंप आहे की नाही याचा विचारच नको. स्टेपनीची हवा बघा, जॅक बघा, आणि तो जॅक कुणाला लावता येतो का तेही बघा.

गाडी पाड्यावर लावणार असाल तर ज्याच्या घरापुढे लावाल त्याला विचारून लावा. खळं असेल, गुरं बांधायची जागा असेल. शहरातून आलेली माणसं मोकळी जागा दिसली की गाडी ठोकतात आणि डोंगर चढायला लागतात. संध्याकाळी मालक गुरं घेऊन दारात उभा. विचारलंत तर तोच गाडीवर लक्ष ठेवेल आणि सोबत वाटाड्या म्हणून पोरगाही देईल. त्या पोराला योग्य मजुरी द्या, बिस्किटाचा पुडा देऊन बोळवू नका.

होळीच्या आधी येणार असाल तर भोंगऱ्या बाजाराचे दिवस विचारून घ्या. ढोल, पावऱ्या, नटूनथटून आलेली माणसं, बघण्यासारखंच असतं. मात्र त्या दिवशी धडगाव, मोलगीतून गाडी पार काढायचा बेत करू नका. आठवडी बाजाराचंही तेच.

---

केळीबाग

सातपुडी सर, छान लिहिलंत. फैजपूरकडचा आहे, पालचं मी सांगतो.

मुक्कामी_गाडी अप्पा म्हणतात तेच. धुळ्याहून सरळ जळगाव, भुसावळ. भुसावळला तापी ओलांडा, बामणोद, फैजपूर, खिरोदा आणि पाल. खिरोद्याच्या पुढे केळी संपतात आणि सागवान चालू होतं, तिथून घाटरस्ता. पाल म्हणजे यावल अभयारण्याचं गाव. १९६९ सालचं अभयारण्य, क्षेत्र १७७ चौरस किलोमीटरच्या पुढे. आत कुठे जायचं असेल तर वनखात्याच्या नाक्यावर नोंद करा, संध्याकाळी बाहेर या. सुकी नदीचं धरण जवळच.

मनुदेवी त्याच दिवशी नको. नकाशावर दोन्ही यावल-रावेर पट्ट्यात दिसतात म्हणून लोक जोडतात. मनुदेवीचं गाव आडगाव, ते किनगावकडून, म्हणजे चोपड्याच्या बाजूला. जळगावहून विदगाव पूल, डांभुर्णी, किनगाव असं जवळ पडतं. म्हणजे पालसाठी भुसावळचा पूल, मनुदेवीसाठी विदगावचा. दोन पायऱ्या निराळ्या. जळगावात मुक्काम ठेवला तर दोन दिवसांत दोन्ही आरामात होतात, आणि संध्याकाळी भरीत-भाकरी खायला वेळ उरतो. भरीत जळगावच्या वांग्याचंच. पुण्यात मिळतं त्याला भरीत म्हणू नये, पण ते असो.

उसासारखंच आमच्याकडे केळीच्या गाड्यांचं. सावदा, रावेर, फैजपूर, यावल या रस्त्यांवर केळीचे ट्रक कायम. दुपारनंतर बागेतून माल बाहेर येतो, तेव्हा ट्रॅक्टर आडवा घालून लोडिंग चालतं. कोणी घाईत नसतं. तुम्हीही होऊ नका. पहाटे साडेपाच-सहाला भुसावळ सोडलं तर खिरोद्यापर्यंत रस्ता तुमचाच.

(अवांतर: फैजपूर म्हटलं की १९३६ सालचं काँग्रेसचं अधिवेशन. खेड्यात भरलेलं पहिलं. तेव्हा एवढी माणसं कुठल्या रस्त्याने आली असतील याचा विचार करतो.)

---

मूळ_अमळनेर

धागा वाचनखूण केला. पुण्याहून येणाऱ्यांसाठी माझीही भर. चोपड्याकडचा सातपुडा, म्हणजे उनपदेवचे गरम पाण्याचे झरे, सत्रासेनकडचं जंगल, हे करायचं असेल तर धुळ्याहून अमळनेर आणि तिथून सावखेडा-निमगव्हाण पुलावरून चोपडा. फक्त मंगळवार टाळा. अमळनेरचं मंगळग्रह मंदिर चोपडा रस्त्यावरच आहे, मंगळवारी तिथे राज्यभरातल्या गाड्या असतात.

उनपदेव अडावदकडून. झऱ्याचं पाणी चांगलंच कढत असतं, थंडीच्या सकाळी गेलात तर ट्रेक राहून जाईल.

---

बट्टीवाला

मंगळवारी दर्शनच घ्यावं ना मग. आधी देव, मग डोंगर.

---

गिरणाकाठचा

सगळे तापीच्या पलीकडेच पळाले. आम्ही दक्षिणेचे लोक काय फक्त शिडी धरायला?

पाटणादेवीला नदीचा प्रश्न नाही. धुळ्याहून मेहुणबारेवरून चाळीसगाव, जळगावहून पाचोरा-भडगाववरून चाळीसगाव. तिथून पाटणादेवी अठरा-वीस किलोमीटर. रस्ता डोंगराच्या कुशीत जाऊन संपतो आणि समोर तिन्ही बाजूंनी कडे. गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचा भाग आहे, १९८६ सालापासून. नाक्यावर नोंद करावी लागते, सूर्यास्तानंतर थांबू देत नाहीत. बिबट्या आहे, उगाच नाही सांगत. चंडिकेचं देऊळ, जवळचं जुनं महादेवाचं हेमाडपंती देऊळ, धवलतीर्थ धबधबा आणि वर कण्हेरगड. भास्कराचार्यांचं नाव या पाटणशी जोडलेलं आहे, त्यामुळे आमच्या शाळेच्या सहलीत गणिताचे मास्तर दरवर्षी हिरीरीने पुढे असायचे.

लोक घोळ घालतात तो पितळखोऱ्याचा. पितळखोरा लेणी त्याच डोंगरात, पाटणादेवीच्या बाजूनेही वाट आहे. पण गाडीने जायचं असेल तर कन्नड घाट चढून पठारावर जावं लागतं, वरच्या अंगाने. म्हणजे पाटणादेवी खालून आणि पितळखोरा वरून, असे गाडीचे दोन वेगळे प्रवास. दोन्ही एका दिवसात बसवणारे शेवटी एक नीट बघत नाहीत.

कन्नड घाट, म्हणजे औट्रम घाट, सोलापूर-धुळे महामार्गाचाच भाग. ऑगस्ट २०२१ च्या शेवटी ढगफुटीसारखा पाऊस झाला तेव्हा दरडी कोसळून तो बंद पडला होता, आणि खाली तितूर-डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगावात घुसलं होतं. पावसाळ्यात घाटाची चौकशी करूनच निघा. हिवाळ्यात काही अडचण नाही.

---

इंदुरी_मराठी

इंदूरहून येणाऱ्या मराठी मंडळींसाठी दोन ओळी. तोरणमाळसाठी आम्हाला सगळे बिजासन घाट उतरून शिरपूरला जायला सांगतात आणि मग परत वर शहादा. तसं करू नका. सेंधव्याहूनच उजवीकडे खेतियाचा रस्ता धरा. खेतिया ओलांडलं की महाराष्ट्र, थोड्याच वेळात शहादा. तापी ओलांडायचीच नाही, आम्ही आधीच पलीकडचे!

---

पांझराकाठ (धागाकर्ता)

मंडळी, भारी माहिती मिळाली. आतापर्यंतचं ठरलेलं मांडतो, चुकत असेल तर हाणा.

पहिली फेरी: शुक्रवारी दुपारी धुळ्याहून निघून उजेडात शहाद्यात मुक्कामी. शनिवारी तोरणमाळ, परत शहादा. रविवारी पहाटे तळोदा, चांदसैली, अस्तंबा. उतरल्यावर परतीला हातोडा पुलावरून नंदुरबार, म्हणजे उसाचा पट्टा लवकर सुटेल. दत्तजयंतीचा आठवडा सोडून.

दुसरी फेरी: जळगाव मुक्काम, एक दिवस भुसावळच्या पुलाने पाल, एक दिवस विदगावच्या पुलाने मनुदेवी. पाटणादेवी एकटी, एका रविवारी, घरून सकाळी जाऊन.

राहिलं साल्हेर. साक्रीवाले कोणी आहे का?

---

मुक्कामी_गाडी

रविवारचा बेत घट्ट बसतोय. अस्तंबा चढून-उतरून, चांदसैली घाट उतरून, पुन्हा नंदुरबार आणि धुळे एकाच दिवसात म्हणजे चालवणारा थकलेला. डोंगर चढलेल्या माणसाने त्याच दिवशी घाट उतरवू नये. एक माणूस असा ठेवा जो चढणारच नाही, खाली गाडीपाशी झोपेल. ज्यांना घाट लागतो त्यांच्यातला नको. नाहीतर रविवारी तळोदा किंवा नंदुरबारलाच थांबा, सोमवारची अर्धी रजा टाका.

---

भामेरचा_वाटसरू

साक्रीवाला हजर.

साल्हेरसाठी सुरत महामार्गाने साक्री, तिथून पिंपळनेर, मग सेलबारीची खिंड ओलांडून ताहाराबाद. ताहाराबादहून मुल्हेर आणि पुढे साल्हेरचा पायथा. साक्रीपासून पिंपळनेरपर्यंत तुमच्या सदस्यनामातली पांझराच सोबत असते, उगमाकडे जाताय. सेलबारी चढताना डावी-उजवीकडे सगळी रांग उघडते, मांगी-तुंगीचे सुळके दिसायला लागतात. तिथे ड्रायव्हरने रस्त्याकडे बघायचं, बाकीच्यांनी डोंगराकडे. या क्रमाची अदलाबदल नको.

साल्हेर १५६७ मीटर, कळसूबाईखालोखाल राज्यातलं उंच शिखर. २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले त्यात हा आहे, त्यामुळे गर्दी वाढली. शनिवार-रविवारी पायथ्याला गाड्यांची रांग लागते. धुळ्याहून पहाटे चारला निघा, किंवा आदल्या रात्री पिंपळनेर-ताहाराबादकडे मुक्काम करा.

आणि जाता जाता आमचा भामेर का सोडता? साक्री तालुक्यातच, निजामपूरजवळ. गाव किल्ल्याच्या दारात, गाडी गावापर्यंत जाते, वर डोंगरात कोरलेल्या गुहांची रांगच्या रांग. घाट लागणाऱ्यांसाठी तर उत्तमच, घाटच नाही.

---

कळण्याची_भाकर

प्रश्न थोडा वेगळा. आम्हाला हिवाळा नको, पाऊस हवा. जुलै-ऑगस्टमध्ये मनुदेवीचा धबधबा, वाल्हेरीचा धबधबा बघायचाय. हेच रस्ते चालतील का?

---

केळीबाग

ताई, रस्ते हेच, नियम वेगळे.

तापीच्या मोठ्या पुलांची फार काळजी नको. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे आहेत, ते उघडले की बातमी सगळीकडे येते, नदीकाठच्या गावांना इशारा दिला जातो. धोका मोठ्या नदीचा नाही, सातपुड्यातून उतरणाऱ्या लहान नद्यांचा. सुकी, मोर, अनेर, गोमाई आणि असंख्य नाले. त्यांच्यावर अजून ठिकठिकाणी फरशी पूल आहेत, कठडे नसलेले, बुटके. तुमच्या डोक्यावर ऊन असतं, कापसात निंदणी चालू असते, आणि वर डोंगरात तासाभरापूर्वी कोसळलेलं पाणी खाली निघालेलं असतं.

फरशीपाशी आलात की आधी थांबून पाणी बघा. निवळ असेल आणि फरशीवरचे खड्डे दिसत असतील तर ठीक. पाण्याला चहासारखा रंग आला, सागाची पानं, काटक्या, फेस वाहून यायला लागला, की वरून लोंढा येतोय. गाडी मागे घ्या, उंचावर लावा. दोन-तीन तासांत नाला उतरतो, आला तसाच जातो. तिकडचे दुचाकीवाले जाताना दिसले म्हणून मागे जाऊ नका. त्यांना फरशीची कड कुठे आहे ते पाठ असतं, तुम्हाला नाही.

आणि पलीकडे गेल्यावर पाऊस सुरू झाला तर धबधबा सोडून आधी नाल्याच्या अलीकडे या.

---

सातपुडी

वाल्हेरीलाही हेच लागू. तळोदा तालुक्यात, तळोद्याकडून जायचं. चांदसैली आणि देवगोई घाट पावसाळ्यात शक्यतो नकोच. जायचंच असेल तर सकाळी तळोदा किंवा अक्कलकुवा बसस्थानकात जाऊन धडगाव, मोलगीची गाडी सुटली का एवढंच विचारा. एसटी सुटली असेल तर घाट चालू आहे. कंट्रोलर नाही म्हणाला तर चहा पिऊन परत फिरा.

---

मुक्कामी_गाडी

सर, हे लाख बोललात. त्यातही पहाटे वरून खाली आलेली मुक्कामी गाडी स्टँडवर लागली का ते विचारा. ती आली असेल तर तिच्या ड्रायव्हरलाच गाठा. कुठल्या वळणावर दगड आलाय, कुठे एका अंगाने काढायची, तो बोटावर सांगेल.

---

पांझराकाठ (धागाकर्ता)

अप्पा, रविवारचा बेत बदलला. तळोद्यात मुक्काम, सोमवारी सकाळी हातोडा पुलाने परत. न चढणारा ड्रायव्हर म्हणून आमचे मेहुणे तयार झालेत. त्यांची अट एकच, परतीला नंदुरबारात पोटभर जेवण आणि मिरची बाजारात थांबा. भामेरही यादीत घेतलं.

---

अक्का_शहादा

शहाद्यात शुक्रवारी किती वाजता पोचताय ते आदल्या दिवशी कळवा. खोल्या बघून ठेवते. सहाच्या आत या म्हणजे झालं.